लोकरीचा झेंडू

चातुर्मास हा आपल्याकडे सुताचा हंगाम आहे. आषाढी एकादशी झाली की देवघरापाशी कापसाची पुरचुंडी येऊन बसते. फुलवाती वळल्या जातात; लक्ष वातींचा नेम धरलेली एखादी आजी दुपारची झोपसुद्धा सोडते. श्रावणी पौर्णिमेला सुताची पोवती देवाला वाहायची. भाद्रपदात गणपतीसाठी कापसाची वस्त्रं करायची, त्यांना ठरावीक अंतरावर कुंकवाचं बोट लावायचं. गौरी उठायच्या दिवशी सुताच्या गाठी पाडायच्या आणि त्यांत बेलफळ, झेंडूची पानं, रेशमाचा धागा बांधायचा. चातुर्मास संपतो न संपतो तोच त्रिपुरी पौर्णिमेची साडेसातशे पदरांची वात लागते. सणासाठी घरात बसून धाग्याचं काहीतरी करत राहणं मराठी घराला कुणी नव्याने शिकवायला नको होतं. लोकर आणि क्रोशाची सुई या घरात फार उशिरा आल्या. त्या आल्या तेव्हा बसायची जागा ठरलेली होती, बोटांना सवय होती आणि काम कोणत्या तिथीच्या आत पुरं व्हायला हवं हेही पंचांगात छापलेलं होतं.

हे आधीच सांगून टाकलं, कारण लोकरीच्या तोरणांचं पुस्तक म्हटलं की पहिला आक्षेप ठरलेला असतो: हे काही आपलं नव्हे. आपलं म्हणजे आंब्याची पानं आणि झेंडू. आंब्याबद्दल वादच नाही. झेंडू मात्र मूळचा मेक्सिकोकडचा. युरोपची जहाजं अमेरिकेला जाऊन आली त्यानंतर, म्हणजे साधारण १५०० सालानंतरच तो इकडे येऊ शकला. ज्ञानेश्वरांच्या काळातल्या दसऱ्याला झेंडू नव्हता. आज तो नसेल तर दसरा झाल्यासारखा वाटत नाही, बाजारात त्याचा भाव चढला की वर्तमानपत्रात बातमी येते. क्रोशा आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात आला. झेंडूला जेवढा वेळ दिला तेवढा त्यालाही द्यायला हरकत नाही.

तो आला मुख्यतः मिशनऱ्यांबरोबर. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचं पीक सडून मोठा दुष्काळ पडला, तेव्हा मठांतल्या नन्सनी शिकवलेल्या क्रोशाच्या लेसवर कितीतरी कुटुंबं तगली. त्याच सुमाराला स्कॉटलंडहून आलेल्या एका मिशनरी दांपत्याने गोदावरीच्या मुखाकडे, आंध्रातल्या नरसापूरला, बायकांना लेस करायला शिकवलं. तिथला तो धंदा अजून चालू आहे आणि त्याच्याकडे मला पुन्हा वळावं लागणार आहे. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत क्रोशाची लेस पोर्तुगीज अमलात रुजली. आपल्याकडच्या शहरांत मिशनच्या मडमा बायकांना शिकवायला घरोघर जात, तेव्हा त्यांच्या पिशवीत पुस्तकाबरोबर सुई-दोरा असे. विणकाम शिकवायला आलेल्या बाईला सासरेबुवा दार उघडत. नुसती बाराखडी शिकवायला आलेलीला उघडतीलच असं नव्हतं. पुढे मुलींच्या शाळांत शिवण-विणकाम हा विषयच होऊन बसला, आणि १९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं तिथेही शिवणाला मानाची जागा मिळाली. बाई शिकणार म्हटल्यावर बिचकणाऱ्या समाजाला सुई दिसली की थोडा धीर येत असावा.

मग रुखवत आलं. लग्नाच्या हॉलमध्ये लांब टेबलावर मांडलेली ती मिरवणूक ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको: क्रोशाचे रुमाल, टेलिफोनचा झगा, लोकरीचा कुत्रा, बाटलीवर चढवलेली बाहुली, मण्यांचं तोरण आणि मधोमध सप्तपदीची पावलं. त्यातलं बरंचसं कुरूप होतं, हे म्हणायला आता हरकत नसावी. लोकरीचा कुत्रा कुत्र्यासारखा दिसत नसे आणि टेलिफोनला झगा कशासाठी, हे कुणी विचारत नसे. नवरीच्या हाताला वळण आहे हे मांडवाला दाखवायचं, एवढाच त्या वस्तूंचा उपयोग. लग्न झालं की त्या शोकेसमध्ये जात, शोकेसमधून माळ्यावर जात. पण त्याच टेबलावर एक-दोन गोष्टी अशाही असत ज्या माळ्यावर गेल्या तरी दरवर्षी खाली उतरत: दाराचं तोरण, चौरंगाची झालर, ताटाभोवती मांडायची महिरप. कारण उघड आहे. कुत्र्याचा सण कोणता ते ठरलेलं नव्हतं. तोरणाचा, झालरीचा, महिरपीचा ठरलेला होता.

या पुस्तकात जे नमुने घेतले ते याच कसोटीवर. सणाची आरास तीन प्रकारची असते. एक उद्या कोमेजणारी: फुलं, पत्री, केळीचे खांब. ती कोमेजावी म्हणूनच असते, तिच्याशी लोकरीने स्पर्धा करू नये. दुसरी, विसर्जनानंतर उकिरड्यावर जाणारी. आणि तिसरी, धुऊन, घडी घालून पुन्हा पेटीत जाणारी. घरच्या लोकरकामाची जागा या तिसऱ्या प्रकारात आहे. दहाव्या वर्षी पेटीतून काढल्यावर ते दारावर लावावंसं वाटलं पाहिजे. ही एक अट धरली की कोणती लोकर घ्यायची, किती घट्ट विणायचं, काय करायचं आणि मुख्य म्हणजे काय करायचं नाही, याची बरीच उत्तरं आपोआप मिळतात.

दुसऱ्या प्रकाराबद्दल थोडं सांगायला हवं. गणपतीचं मखर पूर्वी पुठ्ठ्याचं, रंगीत कागदाचं, जिलेटिनचं होत असे. मग थर्माकोल आला आणि दोन-तीन दशकं त्याने सगळं व्यापलं. महाल, रथ, कमळं, सगळं पांढरं, हलकं, एका रात्रीत उभं राहणारं आणि दहा दिवसांनी नाल्यात अडकणारं. २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली, आणि त्या वर्षीच्या गणेशोत्सवाआधी घरोघर 'आता मखर कशाचं?' हा प्रश्न आला. उत्तरं पुष्कळ निघाली. कुणी कागदाकडे परतलं, कुणी जुन्या पैठण्यांचे पडदे केले, कुणी बाजारातून कापडी आणि प्लॅस्टिकची फुलं आणली. लोकर-सुईवाल्यांचे दिवस त्याच सुमाराला पुन्हा आले. मोबाइलवर मराठीतून टाका-टाका दाखवणारे व्हिडिओही तोवर मुबलक झाले होते, त्याचाही हात होताच.

इथे एक अडचण आहे आणि ती लपवून पुस्तक लिहिणं बरं नव्हे. दुकानात लोकर म्हणून आपण जे गुंडे घेतो ते बहुतेक ॲक्रिलिकचे असतात. मेंढीशी त्यांचा संबंध नाही. ॲक्रिलिक हा खनिज तेलापासून होणारा धागा. अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीने त्याचं व्यापारी उत्पादन १९५० मध्ये सुरू केलं. आपल्याकडे त्याचं मोठं केंद्र लुधियाना. स्वस्त, रंगांना पक्का, कसर न लागणारा, अंगाला न टोचणारा असा तो गुणी धागा आहे. पण आहे प्लॅस्टिकच. धुताना त्याचे सूक्ष्म तंतू पाण्यात जातात. तेव्हा थर्माकोल सोडून ॲक्रिलिकचं मखर केलं आणि पुढच्या वर्षी नवा रंग हवा म्हणून तेही टाकून दिलं, तर पर्यावरणाच्या नावाने आपण फक्त दुकान बदललं. ॲक्रिलिक वापरायला माझी ना नाही, मीही वापरते. ती वस्तू वर्षानुवर्षं निघत राहिली तरच तो सौदा परवडतो, एवढंच म्हणणं. ज्यांना हेही नको असेल त्यांनी सुती दोरा घ्यावा. तो महाग पडतो, हाताला जड लागतो, पण झालर आणि रुमाल यांना त्याच्याइतकी रेखीव कड दुसऱ्या कशात येत नाही.

खरी मेंढीची लोकर या पुस्तकात जवळजवळ नाही. आपल्या दमट हवेत ती पेटीत ठेवणं म्हणजे कसरीला आमंत्रण. ती अंगावर घालावी, देवाच्याही. पुण्यात सारसबागेतल्या गणपतीला थंडीत स्वेटर आणि टोपी चढते, पंढरीच्या विठोबालाही त्या दिवसांत उबदार वस्त्रं असतात. देवाला थंडी वाजते हे ज्या समाजाला पटतं, त्याला देवाच्या दारावर लोकर चालते का, हा प्रश्न पडू नये.

आता कामाकडे. पुस्तकातला पहिला नमुना झेंडूचा आहे, आणि त्याला सुईसुद्धा लागत नाही. पुठ्ठ्याच्या पट्टीवर लोकर गुंडाळायची, मधोमध बांधायची, दोन्हीकडचे फासे कापायचे, झाला गोंडा. शाळेतल्या मुलालाही येतो. तरीही दहापैकी आठ गोंडे दुसऱ्या वर्षी टकले होतात, आणि त्याचं कारण नेहमी एकच: मधली गाठ लोकरीचीच मारलेली असते. लोकर ताणली की तुटते, म्हणून करणारी ती हलक्या हाताने आवळते. हलकी आवळलेली गाठ वर्षभरात एकेक तंतू सोडते. गाठ शिंप्याच्या जाड दोऱ्याची किंवा नायलॉनची हवी, दोनदा फिरवून, बोटाला वळ उठेपर्यंत आवळलेली. वेढे सढळ हाताने घ्यावेत. वेढे कमी पडले तर कितीही कातरला तरी गोंडा विरळच दिसतो. वेढे भरपूर असले तर कात्रीने तो गोल तासता येतो आणि तासताना निघालेला चुरा पाहून जीव हळहळला तरी हात आखडता घ्यायचा नाही. केशरी आणि पिवळ्या लोकरीचे पदर एकत्र गुंडाळले की झेंडूच्या पाकळीच्या कडेला असते तशी छटा येते. निव्वळ एकाच केशरी रंगाचा गोंडा दुरून चेंडू वाटतो.

गोंड्यानंतर क्रोशा. यातल्या मराठी संज्ञा ज्यांनी घडवल्या त्यांची नावं कुठे नोंदलेली नाहीत, पण कान तयार होते: साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब. पुस्तकभर याच वापरल्या आहेत. सगळं शास्त्र या चार टाक्यांत आहे, आणि त्याच्या जोडीला थोडं गणित. लोकरीची रांगोळी, कमळ, पाटावरचं गोल आसन, हे सगळं वर्तुळातून निघतं. मुक्या खांबांनी वर्तुळ करायचं तर पहिल्या फेरीत सहा, दुसरीत बारा, तिसरीत अठरा, म्हणजे दर फेरीला सहा वाढवायचे. उंच खांबांनी करायचं तर बारा, चोवीस, छत्तीस. याहून कमी वाढवले तर कडा वर उचलतात आणि आसनाची वाटी होते. जास्त वाढवले तर कड लाटांसारखी दुमडत जाते. आसनाला ही चूक. पण कमळाच्या पाकळीला, झालरीच्या चुणीला नेमकं हेच हवं असतं. कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ डाइना टाइमिन्या यांनी १९९७ मध्ये या लाटांवर बोट ठेवलं. हायपरबोलिक नावाची जी भूमिती विद्यार्थ्यांना फळ्यावर समजत नव्हती, तिचा पृष्ठभाग त्यांनी क्रोशाने, ठरावीक प्रमाणात टाके वाढवत, विणून हातात दिला. आपल्या आज्या चौरंगाच्या झालरीला तीच चुणी घालत आल्या होत्या. त्यांना भूमिती येत होती असा माझा दावा नाही; किती टाक्यांनंतर एक वाढवला की चुणी किती पडते, हे मात्र त्यांना न मोजता कळत होतं.

तोरणाचा सगळा जीव त्याच्या वरच्या पट्टीत असतो. नवखी मंडळी लांब साखळी घालतात आणि तिलाच फुलं-पानं लटकवतात. साखळी हा सगळ्यात जास्त ताणणारा टाका. संध्याकाळी चौकटीबरोबर बसवलेलं तोरण चार दिवसांत मध्यभागी ओघळतं आणि दारातून येणाऱ्या उंच पाहुण्याच्या कपाळाला लागतं. म्हणून सुतळी किंवा जाड सुती नाडी आत धरून तिच्यावर मुके खांब भरत जावं. वजन नाडी पेलते, लोकर फक्त दिसते. पानं मात्र साखळीच्या पायावरच करायची: साखळीच्या एका बाजूने टोकापर्यंत जायचं, टोकाशी वळून दुसऱ्या बाजूने परत यायचं, टाके लहान-मोठे-लहान असे घेतले की आंब्याच्या पानाचा आकार येतो आणि मधली साखळी शिरेसारखी दिसते. हिरवा रंग निवडताना दुकानातला पोपटी बाजूला ठेवा. आंब्याच्या जून पानाचा हिरवा काळसर असतो आणि केशरी त्याच्यावरच उठतो.

मखरामागचा पडदा हे मोठं काम, आणि घरातल्या चार जणी मिळून करायचं. चार फूट रुंद, तीन फूट उंच पडद्याला सहा इंची चौकोन अठ्ठेचाळीस लागतात. चौकोनांची सोय अशी की ते लोकलमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, मुलांच्या शिकवणीबाहेर थांबल्या थांबल्या होतात. चेन्नईत जानेवारी २०१६ मध्ये देशभरातल्या बायकांनी विणलेले असेच तुकडे जोडून अकरा हजार चौरस मीटरहून मोठं पांघरूण झालं आणि त्याची गिनीजमध्ये नोंद झाली. आपल्या अठ्ठेचाळीस चौकोनांची अडचण मात्र त्यांनाही आली असणार: प्रत्येकीचा हात वेगळा. एकीचा घट्ट, एकीचा सैल. एकाच लोकरीचे, एकाच सुईचे, तेवढ्याच टाक्यांचे दोन चौकोन अर्ध्या इंचाने कमीजास्त भरतात आणि जोडताना रडू येतं. सैल हाताच्या बाईला 'जरा घट्ट विण' म्हणून काही होत नाही. हात स्वभावासारखा असतो. तिला अर्ध्या मिलिमीटरने बारीक सुई द्यावी. आधी प्रत्येकीचा एकेक चौकोन मोजावा, मगच कामाला लागावं. सासू-सुनेत हे मोजमाप कोण करणार हे या पुस्तकाच्या कक्षेबाहेरचं आहे.

आता जे करू नये त्याबद्दल. समईखाली, निरांजनाखाली किंवा पणतीभोवती लोकरीची कोणतीही वस्तू ठेवू नये. मेंढीची लोकर आगीला सहजासहजी दाद देत नाही, ॲक्रिलिक मात्र भडकन पेटतं, वितळतं आणि त्याचे जळते थेंब खाली पडतात. हाताला लागले तर ते चिकटून बसतात. सुती दोराही पटकन पेट घेतो. लोकरीच्या रांगोळीच्या मधोमध पणती ठेवलेली छायाचित्रं फार सुंदर दिसतात आणि ती पाहिली की मला धडकी भरते. रांगोळीला मध्ये पितळेची ताटली धरून जागा सोडावी, ज्योतीपासून हातभर अंतर राहावं. मखराचा पडदाही समईच्या मागे येत असेल तर समई बाजूला घ्यावी. दिवाळीच्या आकाशकंदिलाचं तेच. फुगवलेल्या फुग्यावर पांढऱ्या डिंकात भिजवलेला दोरा गुंडाळायचा, वाळला की फुगा फोडायचा, हा कंदील मुलं शाळेत शिकून येतात आणि तो खरोखर छान होतो. त्यात आता न तापणारा एलईडी दिवा लावता येतो म्हणून तो पुस्तकात घेतला. पिवळ्या तापणाऱ्या बल्बचे दिवस असते तर घेतला नसता.

लोकरीचे मोदकही मी घेतलेले नाहीत. एकवीस लोकरीच्या मोदकांची माळ हल्ली फार दिसते. लहान मुलांच्या भातुकलीत ते गोड आहेत. देवापुढच्या ताटात लोकरीचा नैवेद्य मला पाहवत नाही. हा माझा हट्ट समजा.

धुणं आणि ठेवणं हा भाग विणकामाच्या पुस्तकांत सहसा शेवटच्या पानावर दोन ओळींत उरकतात. मी त्याला एक प्रकरण दिलं आहे. सणात वस्तूला तीन गोष्टी लागतात: तेल, हळद आणि कुंकू. तेलाचा डाग त्याच दिवशी साबणाने निघतो, महिन्याने निघत नाही. हळद सुती दोऱ्याला घट्ट धरते, पण उन्हापुढे तिचं काही चालत नाही. धुऊन दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळत टाकली की डाग फिका होत जातो. भाद्रपदात कडक ऊन कुठून आणणार, हे खरंच, पण ऑक्टोबर येतोच. कुंकवाचा भरवसा नाही. ते कशापासून केलं आहे यावर सगळं अवलंबून, म्हणून देवाच्या अगदी पुढ्यात येणारी वस्तू पांढरी करू नये. ॲक्रिलिकवर इस्त्री फिरवू नका. उष्णतेने त्याचा फुगीरपणा कायमचा जातो आणि उठावाचं फूल पापडासारखं बसतं. सुती कामाला खळ द्यायची असेल तर लावण्याच्या आदल्या दिवशी द्या, पेटीत ठेवताना नव्हे, कारण खळीवर झुरळं येतात आणि पावसाळी हवेत बुरशी धरते. गोंडे डब्यात दाबून भरू नयेत. तोरण गुंडाळून न ठेवता कागदी नळीवर सैल फिरवून ठेवलं तर दुसऱ्या वर्षी ते सुरकुत्यांशिवाय निघतं.

आणि आता नरसापूर. क्रोशाची एक खोड आहे: दोन सुयांचं विणकाम यंत्रांनी कधीच उचललं, पण खरा क्रोशा कारखान्यातल्या यंत्रावर अजून निघत नाही. बाजारात क्रोशाचं जे काही दिसतं, कितीही स्वस्त असलं तरी, ते कुणाच्या तरी बोटांनी केलेलं असतं. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी नरसापूरच्या लेसकाम करणाऱ्या बायकांवर १९८२ मध्ये एक पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यात मांडलेली गोष्ट साधी आहे आणि अस्वस्थ करणारी. परदेशात जाणारा माल या बायका घरात बसून करतात, पण त्या काम करतात असं कुणी धरत नाही. गृहिणी आहेत, रिकाम्या वेळात चार टाके घालतात, असंच सगळे समजतात आणि मजुरीही त्या समजुतीच्या मापाने मिळते.

हे आपल्या दाराशी आणून पाहावं. लोकरीचं तोरण चांगलं जमलं की सोसायटीतल्या दोघी-तिघी विचारतात, "आम्हालाही करून द्याल का हो? लोकरीचे पैसे देऊ." लोकरीचे. दोन आठवड्यांच्या ज्या संध्याकाळांत ते झालं त्यांचा हिशेब विचारणारीच्या मनात येत नाही आणि करणारीच्या ओठांवर येत नाही. घरासाठी करताना तो हिशेब मांडायचं कारण नाही, पण विकायचं ठरवलं तर मांडावाच लागेल. म्हणून प्रत्येक नमुन्याखाली लोकरीचं वजन दिलं आहे तसा लागणारा वेळही दिला आहे. वेळ पाहून काहींना हे काम नको वाटेल. ते ठीकच आहे. तोरण विकत घ्या, पण ज्या बाईने केलं तिच्याकडून, तिने सांगितलेल्या भावाने घ्या.

मुलग्यांना हे शिकवावं का, असं एका शिक्षकांनी मला विचारलं होतं. कार्यानुभवाच्या तासाला मुली विणकामाला आणि मुलगे बागकामाला, अशी वाटणी आमच्या पिढीने पाहिली. समुद्रावर जाळी विणणारे आणि उसवलेली दुरुस्त करणारे कोळी बाप्ये असतात, मागावर बसणारे पुरुष असतात, त्यांच्या हातातला धागा कुणाला बायकी वाटत नाही. घरातली सुई तेवढी वाटते. गोंड्याच्या नमुन्यापासून मुलग्यांना बसवा. कात्रीने तासायचं काम ते फार मन लावून करतात.

परदेशातल्या मराठी घरांसाठी शेवटचं प्रकरण आहे. लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, म्हणजे परक्या हवेत गणपती बसवण्याचा अनुभव आपल्या लोकांना जुना आहे. ताज्या पानांचा प्रश्नही तितकाच जुना. ऑस्ट्रेलियाला निघालेल्या लेकीच्या बॅगेत आंब्याचे डहाळे घालता येत नाहीत, तिथल्या विमानतळावर पानं-फुलं काढून घेतात. लोकरीचं तोरण जातं. वजन पाव किलोच्या आत, दाबलं तरी झटकून पुन्हा फुलतं, आणि तिथे झेंडू मिळालाच तर त्याच्या शेजारी लावता येतं. या प्रकरणातले नमुने मुद्दाम सुटे ठेवले आहेत: फुलं वेगळी, पानं वेगळी, नाडी वेगळी. तिकडच्या दारांची मापं इकडे बसून ठरवता येत नाहीत.

मापाची गोष्ट निघालीच आहे तर सुरुवात कुठून करायची तेही सांगते. लोकर आणायच्या आधी टेप घेऊन दारापाशी जा. चौकटीच्या आतलं माप घेऊ नका, खिळे जिथे आहेत तिथून तिथवरचं घ्या, आणि सुरक्षा दरवाजा बाहेर उघडत असेल तर तो पूर्ण उघडून पाहा. तोरण त्याच्या वरच्या कडेत अडकणार असेल तर पानांची लांबी दोन इंच कमी करावी लागेल. मग एकाच लॉटचे सगळे गुंडे एकदम घ्या. वेष्टनावर लॉटचा आकडा छापलेला असतो, तो जुळवून घ्या. नंतर एखादा गुंडा कमी पडला तर त्याच दुकानात, त्याच कंपनीचा, त्याच नावाचा केशरी मिळतो आणि तो वेगळा असतो. श्रावण लागायच्या आत पानं संपवा, गोंडे मागाहून करा. पानांना वेळ लागतो आणि त्यांचा कंटाळाही लवकर येतो.